नृत्यसभेपूर्वींची घोकंपट्टी

स्कॉटलंडांतील ‘कंट्री डान्स’ मोठ्या नृत्यसभेसाठीं ज्या रीतीनें पुष्कळदां शिकविले जातात, तिजविषयीं आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. सभेचा दिवस जवळ येतो, कार्यक्रमाची यादी हातीं पडते, आणि शिक्षक एकामागून एक नृत्य घोकून घेऊं लागतो. ही तयारी परीक्षेची झाली, कलेची नव्हे.

या नृत्याची रचनाच पाहावी. समोरासमोर दोन ओळी, बहुधा चार जोडप्यांच्या. नेहमींच्या नृत्यांत संगीताचे ३२ ‘बार’ झाले कीं एक फेरी पुरी होते, व अशा ८ फेऱ्यांत प्रत्येक जोडपें दोनदां पुढाकार घेतें. चौथ्या जोडप्याची पाळी सातव्या फेरीस येते. म्हणजे नवशिक्यास पाहून शिकावयास सहा फेऱ्या मिळतात. परंतु घोकलेला विद्यार्थी त्या वेळांत स्वतःच्या पाळीचाच जप करीत राहतो. पहिलें जोडपें खालीं येतांच दुसऱ्यानें वर सरकून जागा द्यावयाची, हें त्यास सुचत नाहीं, आणि आठांचाहि डाव विसकटतो.

१९२३ सालीं ग्लासगो येथें जीन मिलिगन व इझोबेल स्ट्यूअर्ट यांच्या पुढाकारानें निघालेल्या संस्थेनें हीं नृत्यें छापून जतन केलीं, हे उपकार थोर होत. पण छापील टिपण स्वरलिपीसारखें आहे: त्यावरून चीज कळते, गळा तयार होत नाहीं.

‘रील ऑफ दि फिफ्टीफर्स्ट डिव्हिजन’ हें नृत्य घ्या. १९४० सालीं फ्रान्सांत पाडाव झालेल्या स्कॉटिश सैनिकांनीं तें जर्मनांच्या बंदिवासांत रचिलें. त्यांत एकमेकांचे हात धरून संत अँड्र्यूच्या क्रुसाची तिरपी आकृति साधावयाची असते. एकानें घाई केली कीं ती उमटतच नाहीं. त्या बंदिवानांस कोणती नृत्यसभा गांठावयाची होती? त्यांस हवा होता तो शेजाऱ्याचा हात.

कोणी म्हणेल, ऐन सभेंत चुकल्यास सर्वांचाच विरस होतो. तेव्हां पाठांतर हवेंच. हवें, हें आम्हांस मान्य आहे. मात्र झालेली चूक पाठांतरानें सावरत नाहीं. समोरच्याच्या नजरेनें व वेळीं पुढें केलेल्या हातानें सावरते. म्हणून यादींतील नृत्यें थोडीं कमी झालीं तरी चालेल. पण वर्तुळ, साखळी, आठाच्या आंकड्यासारखी गुंफण या मूळ आकृति, आणि त्या पुऱ्या करतांना इतरांकडे पाहण्याची संवय, एवढें शिक्षकानें आधीं पदरीं घालावें. मग अनोळखी नृत्यहि परकें वाटणार नाहीं.