मेळावा संपल्यावर सोमवारी काय?

विज्ञान मेळाव्यांचे आपल्याकडे आता नावीन्य राहिलेले नाही. थर्माकोलचा ज्वालामुखी, लुकलुकत्या दिव्यांचे आदर्श गाव, शेजारी इस्त्रीच्या गणवेशात उभे राहून पाठ केलेली माहिती एका दमात सांगणारा विद्यार्थी आणि संध्याकाळी बक्षीस समारंभ, हे दृश्य प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले आहे. बहुतेकांनी ते स्वतः घडवलेलेही आहे. नागपूरचा ‘अपूर्व विज्ञान मेळावा’ या साच्यातला नाही. म्हणूनच त्याची चर्चा करावीशी वाटते, आणि तो चांगला आहे म्हणूनच ती थोडी कठोरपणे करावी असेही वाटते.

नागपूर महानगरपालिका आणि ‘असोसिएशन फॉर रिसर्च अँड ट्रेनिंग इन बेसिक सायन्स एज्युकेशन’ ही संस्था यांच्या सहकार्यातून हा मेळावा उभा राहिला. त्यामागे सुरेश अग्रवाल यांचे अनेक वर्षांचे परिश्रम आहेत. येथे भर प्रतिकृतींवर नसून प्रयोगांवर असतो. महानगरपालिकेच्या शाळांतील मुले-मुली हाताशी असलेल्या स्वस्त साहित्यातून छोटे छोटे प्रयोग करून दाखवतात आणि येणाऱ्यांना त्यामागचे तत्त्व समजावून सांगतात. पाहुण्यांत शहरातील इतर शाळांचे विद्यार्थीही असतात.

या मेळाव्याचे खरे यश या शेवटच्या गोष्टीत आहे. महानगरपालिकेच्या शाळेतला विद्यार्थी म्हणजे कमी गुणांचा, मागे पडलेला, असे समाजाने ठरवून टाकले आहे, आणि पुष्कळदा त्या विद्यार्थ्यानेही ते मान्य केलेले असते. येथे मात्र तो सांगणारा असतो आणि मोठ्या शाळेतली मुले ऐकणारी असतात. दुसऱ्याला समजावताना आपल्याला काय कळले नाही हे आधी आपल्यालाच कळते, हा आपणा शिक्षकांचा रोजचा अनुभव आहे. तोच अनुभव विद्यार्थ्याला मिळतो.

आता पहिला आक्षेप. सांगणे आणि समजणे या दोन गोष्टींत अंतर असते. सर्व शाळांतून होणारा एक प्रयोग घेऊ. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती उभी करून पेटवायची आणि तिच्यावर पेला पालथा घालायचा. मेणबत्ती विझते, पेल्यात पाणी चढते. का चढले? ‘हवेतला एक-पंचमांश ऑक्सिजन जळून गेला, त्याची जागा पाण्याने घेतली’, हे उत्तर तत्काळ येते. ते आत्मविश्वासाने दिले जाते, ऐकणाऱ्याला पटते, आणि ते चूक आहे.

ज्योत विझते तेव्हा पेल्यातला ऑक्सिजन संपलेला नसतो. त्याचा बराचसा भाग शिल्लक असतो. शिवाय जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे जागा पूर्ण रिकामी होत नाही. मुख्य कारण उष्णता हे आहे. ज्योतीमुळे तापलेली, प्रसरण पावलेली हवा पेल्यात अडकते, काही बाहेरही निसटते. ज्योत विझल्यावर आतली हवा थंड होऊन आकुंचन पावते, दाब कमी होतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. पडताळा सोपा आहे. एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. पेला तोच, ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी अधिक चढते. पाण्याची पातळी नेमकी केव्हा वेगाने वाढते तेही पाहा. ती वाढते ज्योत मालवू लागल्यावर.

तेव्हा मेळाव्यात पाहुण्यांनी ‘हे काय आहे?’ एवढेच विचारून पुढे सरकू नये. ‘तीन मेणबत्त्या लावल्या तर?’ असे विचारावे. विद्यार्थी गप्प झाला तर त्यात त्याची फजिती नाही. ‘ताई, थांबा, लावून बघू’ असे तो म्हणाला, तर मेळाव्याचे सार्थक झाले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मेळावा काही दिवसांचा, शाळा वर्षभराची. मेळाव्यात हवेच्या दाबावर सफाईने बोलणारी मुलगी सोमवारी वर्गात परत येते आणि फळ्यावरची उत्तरे वहीत उतरवू लागते. असे होत असेल, तर मेळावा हा तिच्या शिक्षणातला एक सुखद अपवाद ठरतो, शिक्षण नव्हे. अपवादाने शाळेची गुणवत्ता वाढत नाही.

मग ती कशाने वाढते? उत्तर शोधण्यासाठी दोन जुने प्रयोग आठवावेत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० नंतरच्या काळात मुंबई महानगरपालिकेच्या शाळांतील वंचित घरांतल्या मुलांबरोबर काही वर्षे काम केले. वि. गो. कुलकर्णी आणि सु. चिं. आगरकर यांनी ते लिहूनही ठेवले आहे. ही मुले मागे पडतात ती बुद्धी कमी म्हणून नव्हे, असे तेथे दिसून आले. पाठ्यपुस्तकाची भाषा, वाचनाची कच्ची सवय आणि प्रश्न विचारण्याचा संकोच यांत ती अडकतात. हे अडथळे दूर करताच त्यांची प्रगती झाली. पुस्तकाची भाषा सोपी केल्यावर वर्गात मुले अधिक बोलू लागतात, हेही या केंद्राच्या अभ्यासातून पुढे आले. नागपुरात महानगरपालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा अनेक माध्यमांच्या आहेत. येथे भाषेचा प्रश्न तर अधिकच जवळचा.

दुसरा प्रयोग नागपूरहून उत्तरेला, इटारसीच्या पलीकडचा. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ उच्च प्राथमिक शाळांत सुरू झालेला विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७८ मध्ये जिल्हाभर पसरला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. इतकी वर्षे तो टिकला, त्यात केवळ प्रयोगपेट्यांचा वाटा नव्हता. शिक्षकांची मासिक बैठक हा त्याचा कणा होता. वर्गात काय फसले, मुलांनी कोणता अडचणीचा प्रश्न विचारला, हे तेथे उघडपणे बोलले जाई.

याच्या शेजारी एक वेगळा मार्गही नागपुरात दिसतो. २०२१ साली महानगरपालिकेने ‘सुपर ७५’ ही योजना आणली. निवडक ७५ विद्यार्थ्यांना वैद्यकीय, अभियांत्रिकी आणि संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षांसाठी तयार करणे, हा तिचा हेतू. त्या मुलांना संधी मिळाली याचा आनंदच आहे. परंतु निवडलेल्यांना वर नेणे आणि शाळेला वर नेणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याने दुसरे आपोआप होत नाही. मेळाव्याची वाट दुसऱ्या कामाकडे जाते, फक्त ती शाळेच्या दारापाशी थांबता कामा नये.

त्यासाठी फार खर्च नको. मेळाव्याला गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपला प्रयोग परतल्यावर खालच्या वर्गात शिकवावा. भाषेच्या शिक्षकांनी तोच प्रयोग निबंधाचा विषय म्हणून द्यावा; ‘प्रसरण’ हा शब्द न वापरता प्रसरण समजावता आले, तर तो शब्द विद्यार्थ्याच्या मालकीचा झाला. गणिताच्या शिक्षकांनी पाण्याच्या पातळीचा आलेख काढून घ्यावा. मुख्याध्यापकांनी महिन्यातून दोन तास सर्व विषयांच्या शिक्षकांना एकत्र बसू द्यावे. त्या बैठकीत निकालाची टक्केवारी नको, मुलांनी दिलेली चुकीची उत्तरे वाचली जावीत. चूक उत्तर हा मुलाच्या विचाराचा सर्वांत विश्वासू पुरावा असतो. आणि एखाद्या संध्याकाळी शाळेच्याच अंगणात, वस्तीतल्या आईवडिलांपुढे तेच प्रयोग व्हावेत. आपले मूल चार लोकांना काही समजावून सांगत आहे, हे पाहिलेल्या पालकाला शाळेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

‘अपूर्व’ म्हणजे पूर्वी न घडलेले. या मेळाव्याने हे नाव सार्थ केले आहे. पण त्यातले प्रयोग ज्या दिवशी वर्गात रोजचे होतील, त्या दिवशी हे नाव शोभणार नाही. तो दिवस लवकर यावा, हीच या टीकेमागची इच्छा.