आमची निवड समिती

इंग्लंडच्या दौऱ्यासाठी भारताचा संघ निवडायला मे महिन्यासारखा महिना नाही. अंगात बनियन, डोक्यावर गरगरणारा पंखा आणि पुढ्यात आंब्याच्या कोयी, अशा थाटात आपण ज्या गड्यांची नावं लिहितो, त्यांनी पुढे जाऊन दोन-दोन स्वेटर घालून, ढगाळ हवेत हात चोळत स्लिपमध्ये उभं राहायचं असतं. तिकडे त्याला उन्हाळा म्हणतात. आपल्याकडे तशी हवा पडली की माणसं कांदाभजी करतात. पण संघ निवडणाऱ्याला असल्या गोष्टींनी फरक पडत नाही. कानपूरला ज्यानं शंभर केले तो लीड्सला का करणार नाही, असं तो कोय चोखत विचारतो.

माझा धाकटा मामा गिरगावात चाळीत राहायचा. १९७१ च्या उन्हाळ्यात त्याच्या निवड समितीच्या बैठका गॅलरीत, रात्रीच्या जेवणानंतर भरत. सभासद पाच, आणि प्रत्येकाच्या खिशात आपापला एकेक गडी. मामाच्या मते भारताचा संघ म्हणजे मुंबईचा संघ अधिक बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि विश्वनाथ. हे चौघं मुंबईत जन्मले नाहीत, ही परमेश्वराची नजरचूक. बरं, त्या वर्षी मामाला हसायचीही सोय नव्हती. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर, अशोक मंकड अशी अर्धी फलंदाजी खरोखरच मुंबईतून बोटीत, म्हणजे विमानात चढली होती.

पण खरं भांडण लागलं ते चंद्रशेखरवरून. त्याला आधीच्या वेस्ट इंडीज दौऱ्यावर नेलं नव्हतं. तीन-साडेतीन वर्षं तो कसोटी खेळला नव्हता. समितीतले चार जण म्हणाले, "संपला तो." मामाही त्या चारांतच होता. विजय मर्चंटांच्या निवड समितीनं मात्र त्याला नेला. ऑगस्टमध्ये ओव्हलवर त्यानं ३८ धावांत ६ गडी उडवले, इंग्लंडचा डाव १०१ मध्ये आटोपला, आणि इंग्लंडच्या भूमीवर भारतानं पहिला कसोटी विजय मिळवला. दुसऱ्या दिवशी मामा चाळभर पेढे वाटत सांगत होता, "मी म्हटलं नव्हतं?" निवड समितीवर टीका करणाऱ्याला स्मरणशक्ती बेताची असावी लागते, हे मी तेव्हा शिकलो.

मामाची एक तक्रार मात्र पक्की होती आणि ती काळाबरोबर बदलली नाही. ती १९५२ सालची. फेब्रुवारीत मद्रासला विनू मंकडनं इंग्लंडचे बारा गडी बाद केले आणि भारतानं आयुष्यातली पहिली कसोटी जिंकली. पुढच्याच उन्हाळ्यात इंग्लंडचा दौरा. मंकडला लँकेशायर लीगमधल्या हॅसलिंग्डन क्लबची नोकरी चालून आली होती. तो बोर्डाला म्हणाला, मला संघात घेणार एवढं सांगा, मी नोकरी सोडतो. बोर्ड म्हणालं, आम्ही आगाऊ शब्द देत नाही. झालं! बाप्या गेला क्लबकडे आणि संघ गेला त्याच्याशिवाय. लीड्सला दुसऱ्या डावात चौदा चेंडूंत शून्यावर चार बाद. त्या चारांत पहिल्या डावात १३३ करणारा विजय मांजरेकर होता आणि गावसकरचा सख्खा मामा माधव मंत्रीही होता. (आमच्या मामाला एकूण मामालोकांबद्दल जिव्हाळा असल्यानं तो मंत्र्यांना कधी दोष देत नसे.) मग धावाधाव झाली. गहाण टाकलेलं मंगळसूत्र लग्नघरात सोडवून आणावं तसं मंकडला क्लबकडून सोडवून आणलं. लॉर्ड्सवर त्यानं ७२ आणि १८४ धावा केल्या, मधल्या डावात त्र्याहत्तर षटकं टाकून पाच गडी बाद केले. सामना हरलो तो हरलोच. पण त्या सामन्याला लोक आजही मंकडची कसोटी म्हणतात.

मामा ही गोष्ट सांगताना बोर्डाच्या अकलेवर बोलत असे. मला वाटतं, अकलेचा प्रश्न नव्हता. मंकड केवढा खेळाडू आहे हे काय बोर्डाला ठाऊक नव्हतं? त्यांना फक्त एक सरळ वाक्य बोलायचं जड गेलं. हे मी एवढ्या खात्रीनं सांगतो, कारण मी स्वतः एकदा निवड समितीवर होतो.

दचकू नका. ती आमच्या ऑफिसची. सत्तरीच्या अखेरीस दोन खात्यांचा सामना ठरला, आणि मला कॅप्टन केलं, कारण ऑफिसात क्रिकेटवर सर्वांत जास्त मी बोलत असे. माझ्या शेजारच्या टेबलावर माझा मित्र बसायचा. डबा एकत्र, चहा एकत्र, लोकलही तीच. त्यानं विचारलं, "अरे, मी आहे ना?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? तू आहेसच!" त्यानं शिंप्याकडे पांढरी पँट टाकली. कॅनव्हासचे बूट पांढरे करून खिडकीत वाळत ठेवले. मुलाला सांगितलं, रविवारी बाबांची मॅच बघायला यायचं. आणि शुक्रवारी आवक-जावकमध्ये एक नवा पोरगा रुजू झाला, तो कॉलेजकडून जलद गोलंदाजी टाकणारा निघाला.

आता तुम्हीच सांगा, कुणाला घ्यायचं? मी बरोबर तेच केलं. यादी टाइप केली, कार्बन कॉपी काढली आणि शनिवारी दुपारी नोटीस बोर्डावर लावून घरी निघून आलो. सव्वापाचची नेहमीची लोकल चुकवून आधीची पकडली. सामना आम्ही जिंकलो. पोरानं चार बळी घेतले. सोमवारी मित्रानं डबा दुसऱ्या टेबलावर उघडला, आणि पुढची कित्येक वर्षं तो तिथंच उघडला गेला.

तेव्हापासून निवड समित्यांकडे बघण्याची माझी नजर बदलली. अमक्याला का घेतलं यावर वर्तमानपत्रांत रकाने भरतात. पण अकरा चांगली नावं लिहायला फारशी अक्कल लागत नाही, चाळीतल्या गॅलरीतही ती निघतात. खरी परीक्षा न घेतलेल्याच्या बाबतीत असते. त्याच १९७१ च्या दौऱ्यात प्रसन्नासारखा ऑफस्पिनर सोबत असून तिन्ही कसोट्यांत बाहेर बसला, कारण व्यंकटराघवन उपकर्णधार होता आणि चांगला टाकतही होता. सलीम दुराणीनं तर त्याच वर्षी पोर्ट ऑफ स्पेनला लॉइड आणि सोबर्स यांना उडवून वेस्ट इंडीजमधल्या पहिल्या विजयाची वाट मोकळी केली होती. इंग्लंडच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. मालिका जिंकली म्हणून कुणी विचारलं नाही. जिंकलेल्या संघातल्या वगळलेल्या गड्याइतका एकटा प्राणी जगात नसेल.

अलीकडचंच बघा. करुण नायरनं डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केले. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याला इंग्लंडला नेलं आणि पाचही कसोट्यांत बसवून ठेवलं. शेवटच्या दोन कसोट्यांसाठी मागाहून हनुमा विहारीला बोलावलं आणि ओव्हलवर खेळवलंही. विहारीनं ५६ केले, म्हणजे निवड चुकली असंही म्हणता येईना. परत आल्यावर नायरला वगळलं. तो म्हणाला, माझ्याशी कुणी बोललं नाही. निवड समितीचे अध्यक्ष म्हणाले, मी बोललो होतो. कोण खरं, कोण खोटं, आपल्याला काय करायचंय? पण तीनशे धावा काढणाऱ्याला समजेल असं बोलायला किती वेळ लागतो?

पुढे २०२५ मध्ये रोहित शर्मा आणि विराट कोहली आठवड्याच्या आत निवृत्त झाले. शुभमन गिल कर्णधार झाला आणि आठ वर्षांनी नायर परत आला. आमच्या घरी तेव्हा निवड समितीचं अध्यक्षपद नातवाकडे होतं. त्यानं मोबाइलवर दोन मिनिटांत अठरा नावं काढली. त्यात मुंबईचा सर्फराझ होता, खऱ्या यादीत तो नव्हता. नातू संतापला. अगदी मामासारखा. मी म्हटलं, "बाळा, यादी चांगली आहे. आता असं कर, तू ज्याला वगळलंस त्यातला एक निवड आणि फोनवर त्याला काय सांगशील तेवढं मला सांग." तो दहा मिनिटं पंख्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "आजोबा, हे नाही जमत. त्यापेक्षा मी त्याला घेतोच." आणि त्यानं एकोणिसावा गडी घेतला. पुढे मालिका २-२ सुटली, गिलनं साडेसातशेवर धावा केल्या, आणि अभिमन्यू ईश्वरन नावाचा एक सलामीचा फलंदाज पाचही कसोट्यांत पदार्पणाची वाट बघत बाहेर बसून परत आला. नातवाला मी विचारलं नाही, याला फोन कोण करणार म्हणून.

मला मात्र त्या फोनवर काय बोलायला हवं ते ठाऊक आहे. उशिरा कळलं एवढंच. मुलीच्या लग्नात आमंत्रणाची यादी करताना मी पहिलं नाव त्या मित्राचं लिहिलं आणि पत्रिका घेऊन स्वतः गेलो. तो आला. सहकुटुंब आला, आणि अंगात तीच पांढरी पँट! पोटावर बटण लागत नव्हतं म्हणून वरून झब्बा सोडला होता. "म्हटलं, वापर तरी होऊ दे," तो म्हणाला. पंगतीत माझ्याच शेजारी बसला. दुसरी जिलेबी वाढून झाल्यावर हळूच म्हणाला, "गाढवा, तो पोरगा माझ्याहून चांगला टाकतो हे मलाही दिसत होतं. नुसतं सांगायचं होतंस. मी स्कोअर लिहायला आलो असतो."