क्षुल्लक कोणाला म्हणायचे? : लघुनिबंध आणि आपले गद्य

मराठी गद्यात रोजच्या कटकटींना आणि रोजच्या बारीकसारीक सुखांना एक मानाची जागा मिळालेली आहे. तिचे नाव लघुनिबंध. ना. सी. फडके यांनी या प्रकाराला ‘गुजगोष्ट’ हे नाव दिले आणि १९३३ साली त्यांचा ‘गुजगोष्टी’ हा संग्रह निघाला. अनंत काणेकरांची ‘पिकली पाने’ १९३४ ची. वि. स. खांडेकरांनीही हा प्रकार मन लावून हाताळला. गार्डिनर, लूकस या इंग्रजी निबंधकारांचे वळण या मंडळींसमोर होते. विषय कितीही किरकोळ असो, तो खेळीमेळीने मांडावा, बोलता बोलता लेखकाच्या व्यक्तिमत्त्वाचे दर्शन घडावे आणि शेवटी एखादा हळुवार विचार वाचकाच्या हाती ठेवून निरोप घ्यावा, अशी ही रीत. आज ‘लघुनिबंध’ हे नाव मागे पडले आहे. परंतु वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या उघडल्या की तीच रीत सदरांच्या रूपाने भेटते. गाडी चुकली, दूध नासले, गच्चीवर चांदणे पडले, आणि लेख झाला.

या लेखनाची नुसती टिंगल करून आपले काम भागणार नाही. आपल्याकडे ‘पांढरपेशी चोचले’ असा एक शिक्का तयार असतो. तो मारला की विचार करण्याची जबाबदारी संपते. लघुनिबंधाने मराठी गद्यासाठी एक मोठी गोष्ट केली आहे, हे मान्य केले पाहिजे. राजाचे चरित्र, देवाची कथा किंवा राष्ट्राचे भवितव्य हेच लिहिण्याचे विषय आहेत, हा समज त्याने मोडला. साध्या माणसाचा साधा दिवस लिहिण्याजोगा असतो, असे त्याने सांगितले. प्रश्न एवढाच आहे की, हा ‘साधा माणूस’ कोण होता आणि त्याचा दिवस साधा कशामुळे झाला होता?

उदाहरणासाठी या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय वारसदार घेऊ. पु. ल. देशपांडे यांचा ‘मी आणि माझा शत्रुपक्ष’ हा लेख महाराष्ट्रात घरोघरी ऐकला गेला आहे. नवे घर बांधून ते आल्यागेल्याला कोपरान् कोपरा दाखवणारे लोक, फोटोंचे आल्बम समोर ठेवणारे लोक, यांचा लेखकाला झालेला छळ त्यात आहे. लेख वाचताना हसू येते. मीही हसलो आहे, माझे विद्यार्थीही हसतात. विनोद अस्सल आहे आणि त्यामागे कोणाविषयी आकस नाही. पण या विनोदाच्या पायाशी एक गृहीत आहे, आणि ते लेखात कोठेही लिहिलेले नाही. घर दाखवणाऱ्याचा छळ सोसायचा तर आधी त्या घरात बोलावणे यावे लागते. उंबरा ओलांडून, बैठक ओलांडून, स्वयंपाकघरापर्यंत नेले जावे लागते. ज्याला पिढ्यान् पिढ्या अंगणाच्या कडेला उभे केले, त्याला ‘हे आमचे स्वयंपाकघर’ असे कोणी सांगितले, तर त्या वाक्याचा त्याला कंटाळा येईल काय? तो ते वाक्य जन्मभर लक्षात ठेवील.

म्हणजे एकच प्रसंग एका माणसासाठी किरकोळ त्रास असतो आणि दुसऱ्यासाठी आयुष्यातील घटना असते. त्रासाचे आणि सुखाचे आकारमान प्रसंगात नसते. समाजाच्या उतरंडीत आपण कोठे उभे आहोत, त्यावर ते ठरते. लघुनिबंधाच्या समीक्षेने हे कधी पाहिले नाही. ‘क्षुल्लक विषयातून मोठा आशय’ अशी तिने स्तुती केली. विषय क्षुल्लक आहे हे ठरवले कोणी, असे तिने विचारले नाही.

या दृष्टीने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे एक छोटे आत्मकथनात्मक लेखन पुन्हा वाचावे, असे मी सुचवतो. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे ते लेखन. ते १९३५-३६ च्या सुमाराचे आहे आणि पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले. त्यातील पहिली आठवण १९०१ सालची. नऊ वर्षांचा भीमराव आपला भाऊ आणि बहिणीची मुले यांच्यासह साताऱ्याहून वडिलांकडे गोरेगावला निघाला आहे. आपण ही आठवण व्याख्यानांतून नेहमी सांगतो, पण सांगताना थेट मसूरच्या स्टेशनवर उतरतो. तेथे मुलांना न्यायला कोणी आलेले नसते. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलतो. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवाला तयार होतो, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकावी आणि आपण बाजूने पायी चालावे या अटीवर. जवळ भाकरतुकडा असूनही पाणी मिळत नाही म्हणून रात्र उपाशी जाते.

पण बाबासाहेबांनी आठवणीची सुरुवात येथून केलेली नाही. आधी नवे कपडे येतात. जरीची टोपी, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतर येते. आगगाडीत प्रथमच बसण्याचा आनंद येतो. स्टेशनवर भावाने खर्चायला दोन दोन आणे दिले, आणि मुलांनी लगेच चैन सुरू करून एकेक लेमनेडची बाटली मागवली, हे येते. ही चैन लिहिताना बाबासाहेबांची लेखणी मिस्कील झालेली आहे. हा मजकूर एखाद्या लघुनिबंधकाराच्या वहीत सहज शोभला असता. बालपण, नवे कपडे, पहिला प्रवास, लेमनेड. पाहुण्यांना घ्यायला कोणी आले नाही हीसुद्धा लघुनिबंधातलीच कटकट. वडिलांपर्यंत पत्राचा निरोप पोहोचला नव्हता, एवढेच त्याचे कारण होते. गड्याचा विसरभोळेपणा हा दुसऱ्या कोणाच्या लेखात विनोदाचा विषय झाला असता. येथे त्या एका विसरण्यामुळे त्या मुलांसमोर सगळी जातिव्यवस्था उभी राहिली.

लेमनेडची बाटली त्या आठवणीत नसती तर काय राहिले असते? अन्यायाची एक नोंद राहिली असती. ती खरी असती, पण त्या मुलांचे आपल्याला काहीच कळले नसते. कोणापासून काय हिरावले गेले, हे कळण्यासाठी आधी त्याच्या हातात काय होते ते कळावे लागते. दोन आण्यांच्या चैनीने ती मुले आपली मुले होतात. मग मसूरच्या फलाटावर त्यांच्याबरोबर आपलाही घसा कोरडा पडतो.

येथे आपल्याच समीक्षेला काही विचारणे भाग आहे. ‘वेदना, विद्रोह, नकार’ या तीन शब्दांनी दलित साहित्याला स्वतःचा चेहरा दिला, आणि ते ऐतिहासिक काम होते. सौंदर्यवादी समीक्षा ‘आनंद’ हीच साहित्याची कसोटी सांगत होती, तेव्हा शरणकुमार लिंबाळे यांनी ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ (१९९६) मध्ये समता, स्वातंत्र्य, न्याय ही मूल्ये पुढे केली, तेही आवश्यक होते. पण पुढे वर्गावर्गांतून या तीन शब्दांचा साचा झाला. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पुस्तकाचे नाव बदलते, उत्तर बदलत नाही. वेदनेची तीन उदाहरणे, विद्रोहाची दोन, समारोप. पुस्तकात जो मजकूर या रकान्यांत बसत नाही, तो वाचलाच जात नाही.

तो मजकूर थोडा नाही. बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’ या पुस्तकातील भूक, निवडुंगाच्या बोंडांवर काढलेले दिवस आपण उद्धृत करतो, आणि ते केलेच पाहिजे. पण त्याच पुस्तकात आषाढातील लगबग आहे, घरांची सारवणे आहेत, नाहणे-माखणे आहे, गोडाधोडाची वाट पाहणे आहे, बायकांची थट्टामस्करी आहे. फलटणला दुकान चालवता चालवता, नवऱ्यापासून वह्या लपवून बेबीताईंनी हे लिहिले आणि कित्येक वर्षे ते तसेच दडवून ठेवले. ज्या बाईला लिहिण्यासाठी चोरून वेळ काढावा लागत होता, तिने त्या चोरलेल्या वेळात हे आनंदही टिपून ठेवले. ते तिला महत्त्वाचे वाटले होते. आपल्याला का वाटू नयेत?

ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ (२००३) तर डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायकांपासून सुरू होते. डोक्यावर ओझे आहे, पायाखाली घाटवाट आहे आणि तोंडाने बोलणे चालू आहे. एकमेकींच्या खोड्या काढणे, घरच्या कागाळ्या सांगणे, हसणे. लघुनिबंधकार ज्याला ‘गुजगोष्ट’ म्हणतो, ती हीच. फरक इतकाच की त्याची गुजगोष्ट आरामखुर्चीत होते आणि यांची ओझ्याखाली. ओझ्याखालच्या या बोलण्याला मराठी समीक्षेने अजून नाव दिलेले नाही.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात असे बोलणे जागोजाग ऐकू येते. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि हंगामभर ती फेडायची असते. या व्यवस्थेवर लिहिले गेले आहे, आणखी लिहिले पाहिजे. पण पहाटेच्या अंधारात फडाकडे जाताना या बाया काय बोलतात? चुलीला ओले सरपण मिळाले याची चिडचिड, कोणाच्या लेकराने पहिले पाऊल टाकले त्याचे कौतुक, बऱ्या झालेल्या कालवणाची आठवण. यातले प्रत्येक वाक्य किरकोळ आहे, आणि प्रत्येक वाक्याच्या मागे उचल उभी आहे. सरपण ओले असते, कारण घर सोडून आलेल्या माणसाला सरपण साठवण्याइतके छप्पर नसते.

मागील वर्षी मी पदवीच्या वर्गाला रोजच्या जगण्यातील एखादी कटकट किंवा एखादे छोटे सुख यावर दोन पाने लिहायला सांगितली. एकाने टँकरच्या पाण्याच्या रांगेवर लिहिले. एकाने शहरात भाड्याची खोली शोधताना घरमालक आधी नाव आणि मग ‘पूर्ण नाव’ कसे विचारतो यावर लिहिले, आणि विनोदाने लिहिले. एका मुलीने चौदा एप्रिलला नवे कपडे घालून, कडक इस्त्री मोडू नये म्हणून दिवसभर खाली न बसण्याची गंमत लिहिली. संध्याकाळच्या मिरवणुकीपर्यंत पाय दुखून आले, पण चुणी पडू दिली नाही. वही हातात देताना तिने विचारले, “सर, यात दुःख नाही. हे दलित साहित्य होईल का?”

हा प्रश्न तिला पडावा, ही आपल्या समीक्षेची जबाबदारी आहे. ज्या समाजाने नव्या कपड्यांबद्दल मार खाल्ला, अंगावरच्या दागिन्याबद्दल आणि पायातल्या चपलेबद्दल ज्याला जाब विचारला गेला, त्या समाजातील एक मुलगी इस्त्री मोडू नये म्हणून दिवसभर उभी राहते. या सुखाला लढ्याचा इतिहास आहे. तिने तो लिहिला नाही, कारण तिला तो लिहिण्याची गरज वाटली नाही. तो तिच्या उभे राहण्यात होता. तो ओळखणे हे समीक्षकाचे काम.

येथे एक धोकाही सांगितला पाहिजे. आपण छोट्या सुखांचे लेखन मागू लागलो, तर पुरवण्यांचे संपादक आनंदाने जागा देतील. ‘आता फार झाले दुःख, काही प्रसन्न लिहा’ असे सांगणारे पूर्वीही होते. त्यांना लेमनेड हवे असते, मसूर नको असते. मिरवणुकीतील कपडे हवे असतात, खोली नाकारणारा घरमालक नको असतो. म्हणून कसोटी स्पष्ट असली पाहिजे. ज्या लेखनात सुख किंवा कटकट कोणत्या व्यवस्थेतून आली याचे भान शाबूत आहे, ते आपले. भान याचा अर्थ प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी घोषणा असा नव्हे. बाबासाहेबांनी लेमनेडच्या ओळीला कोणतेही भाष्य जोडलेले नाही. त्यांनी फक्त क्रम राखला, आणि क्रमानेच सगळे सांगितले.

आमच्या जिल्ह्यात कसबे तडवळे हे गाव आहे. निजामाच्या राजवटीत, फेब्रुवारी १९४१ मध्ये तेथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब तिला आले होते. त्यांची बैलगाडीतून मिरवणूक निघाली, हे गाव अजून सांगते. मसूरला ज्याला गाडी मिळाली नव्हती, त्याच्यासाठी चाळीस वर्षांनी येथे लोकांनी आपल्या गाड्या सजवल्या. परिषदेचे ठराव इतिहासाच्या पुस्तकात जातील. पण त्या दिवशी बैलांच्या शिंगांना रंग कोणी लावला, गाडीत अंथरायला कोणाच्या घरची वाकळ आणली, पाहुण्यांसाठी भाकरी थापताना बाया काय बोलल्या, हे कोणी लिहून घेतले? पाहणारे गेले. ऐकलेले अजून काही आहेत.

कार्यकर्त्यांनी, शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी आता वह्या घेऊन त्यांच्याकडे जावे. अन्यायाची नोंद घ्यावीच, आणि तिच्या शेजारी चहाची, कपड्यांची, थट्टेची, चिडचिडीचीही घ्यावी. वर्गात पुस्तक शिकवताना हसण्याच्या जागी थांबून मुलांना हसू द्यावे आणि मग हसू का आले ते विचारावे. नियतकालिकांनी अशा लेखनासाठी पाने राखावीत. त्या मुलीची दोन पाने मी वर्गात वाचून दाखवली आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे दिले. ते उत्तर सविस्तर देण्याचे काम आपल्या सर्वांचे आहे.