कार्यनियोजन आणि परिवेशाचा वारसा

संगणकीय आज्ञावलीची परीक्षा करताना तिचा मजकूर आणि तिला पुरविलेली सामग्री एवढेच पाहण्याचा प्रघात आहे. जनक प्रक्रियेकडून तिला वारशाने मिळणारी परिवेश-चले, म्हणजेच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स, सहसा नजरेआड राहतात. युनिक्सच्या सातव्या आवृत्तीपासून (१९७९) चालत आलेली ही सोय जॉब शेड्युलरच्या हाती गेली, की तिचे गुणदोष ठळक होतात.

एक उदाहरण घेऊ. बारामतीजवळचे जळोची आणि पुरंदर तालुक्यातील जवळार्जुन ही नावे अकारविल्हे लावावयाची आहेत. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून जवळार्जुन आधी, जळोची मागाहून. युनिकोडच्या संकेतक्रमात मात्र ‘ळ’ हा ‘व’च्या आधी असल्याने हा क्रम उलटतो. ‘सॉर्ट’ आज्ञेने कोणता क्रम पाळावा, हे ‘एलसी_ऑल’, ‘एलसी_कोलेट’ व ‘लँग’ या चलांवर ठरते. अभ्यासकाने दिवसा मराठी क्रमाने लावलेली एक यादी आणि ही चले न मिळालेल्या क्रॉनने रात्री लावलेली दुसरी यादी ‘जॉइन’ने जुळवू पाहिल्यास नोंदी गळू शकतात. आज्ञावलीत एका अक्षराचाही दोष नसतो. निष्कर्ष तेवढा सदोष ठरतो.

अशा वेळी क्रॉनला दूषण देण्याची रीत आहे. आमच्या मते ते अन्यायाचे आहे. क्रॉन गृहनिर्देशिका, वापरकर्त्याचे नाव, शेल व तोकडा ‘पाथ’ यांहून फारसे काही देत नाही. ही कृपणता गैरसोयीची खरी, परंतु प्रामाणिक आहे. जे हवे ते लिहून मागावयास ती भाग पाडते.

महासंगणकांवर रूढ असलेल्या स्लर्मची वृत्ती याउलट उदार आहे. ‘एसबॅच’ने कार्य सोपविताना वापरकर्त्याचा सारा परिवेश, वेगळे न सांगितल्यास, कार्यासोबत जातो. परिणामी कार्य प्रथमदर्शनी सुरळीत चालते. परंतु त्याच्या यशाचे कारण लिखित आज्ञापत्रात न राहता त्या दिवशीच्या टर्मिनलमध्ये राहते. तेच आज्ञापत्र सहाध्यायाने चालविले, की उत्तर बदलू शकते. ‘एक्स्पोर्ट’ला ‘नन’ हे मूल्य देणे हाही पूर्ण उपाय नव्हे. कारण तेव्हा स्लर्म वापरकर्त्याचा लॉगिन-परिवेश आपण होऊन आणू पाहतो.

यास्तव निष्कर्षावर परिणाम करणारे प्रत्येक चल, मग ते वर्णक्रमाचे असो, कालविभागाचे असो वा ‘ओएमपी_नम_थ्रेड्स’ असो, आज्ञापत्राच्या आरंभीच स्पष्ट मांडावे आणि त्याचे मूल्य निष्कर्षासोबत नोंदवावे. परवलीचे शब्द मात्र या नोंदीत येऊ देऊ नयेत. प्रबंधातील आकडा दुसऱ्या अभ्यासकास पुन्हा काढता आला नाही, तर त्याला प्रमाण मानता येत नाही. आणि परिवेश हा त्या प्रमाणाचाच भाग होय.