‘फ्रीरेन’मधील राक्षसांची भाषा

जपानी दूरचित्रवाणीवर २०२३ च्या शरद हंगामात आलेल्या आनिमे मालिकांपैकी ‘कुसुरिया नो हितोरिगोतो’ शीर्षकात ‘स्वगत’ मिरविते. परंतु तिचा रस विषे व औषधे यांत. भाषेचा प्रश्न उपस्थित होतो तो ‘सोसो नो फ्रीरेन’मध्ये. २९ सप्टेंबरला एकाच रात्री दाखविलेल्या तिच्या पहिल्या चार भागांवरून ही दीर्घायुषी नायिकेची उशिरा उमगलेली शोककथा वाटते. सातव्या भागात मात्र एक जखमी राक्षसकन्या ‘आई’ अशी हाक मारते आणि तिचा वध टळतो. वस्तुतः राक्षसांत अपत्यसंगोपनाची रीतच नाही. पुढे तिने आश्रयदात्याचाच जीव घेतल्यावर, हाच शब्द का, असे विचारता ती सांगते की, तो उच्चारला म्हणजे माणसे मारीत नाहीत.

राक्षसांस शब्द येतात, अर्थ कळत नाही, असा मालिकेचा सिद्धान्त दिसतो. तो प्रस्तुत लेखकास मान्य नाही. कोणता शब्द कोणासमोर, कोणत्या क्षणी उच्चारावा व त्याने श्रोत्याचा हात कसा आवरतो, हे ज्यास ठाऊक आहे त्यास अर्थज्ञान नाही असे कसे म्हणावे? उणीव आहे ती वात्सल्याच्या अनुभवाची. मालिका या दोहोंची गल्लत करते, आणि त्या गल्लतीच्याच आधारे राक्षसवध निर्दोष ठरविते.