छातीवरचा बॅज आणि आतलं शरीर

एक्स-रे विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवरचा टीएलडी बॅज तुम्ही पाहिला असेल. आमच्या लॅबमध्ये मीही तो लावते. ठरावीक काळाने त्याचा आकडा येतो आणि आपण तोच शरीराला मिळालेला डोस धरून चालतो. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात हे गृहीतक टिकतं का, हे तपासणारा पुखाल्स्का आणि सहकाऱ्यांचा 2014चा पेपर मी परत वाचला. पेपर चांगलाच आहे. पण त्यात एक जागा अशी आहे, जिथे घाईघाईने पुढे जाऊ नये.

आधी प्रयोग समजून घेऊ. नाव मात्रोश्का, एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुलीवरून. माणसाचं डोकं आणि धड, हात-पाय नाहीत. खरी हाडं आणि भोवती मांसासारखं प्लास्टिक, अशा 33 चकत्या. आत हजारो टीएलडी. 2004 मध्ये हा पुतळा स्थानकाच्या बाहेर बसवला. स्पेससूटच्या जागी कार्बन फायबरचं आवरण होतं. दीडेक वर्षाने तो आत घेतला आणि मग आतही मापनं केली.

निष्कर्ष असा: छातीवरचा डोसिमीटर शरीराचा प्रभावी डोस स्थानकाच्या आत सुमारे 15 टक्के जास्त दाखवतो, बाहेर मात्र 200 टक्क्यांहून जास्त. (200 टक्के जास्त म्हणजे दुप्पट नव्हे, तिप्पट. इथे बरेच जण चुकतात.) कारण साधं आहे. बाहेर कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन कातडीतच अडकतात. बॅज ते मोजतो, पण यकृतापर्यंत ते पोचत नाहीत. आत असताना यातले बरेचसे कण स्थानकाची भिंतच गाळून टाकते.

आता माझा आक्षेप. टीएलडी मोजतो शोषलेली ऊर्जा, म्हणजे ग्रे. जैविक परिणाम मांडायला सिव्हर्ट लागतो, आणि त्यासाठी गुणवत्ता गुणक. हा गुणक हलक्या आयनीकरणासाठी 1 असतो, तर दाट आयनीकरण करणाऱ्या कणांसाठी 30 पर्यंत चढतो. गंमत अशी की, नेमक्या याच जड कणांसाठी टीएलडीची कार्यक्षमता घसरते. म्हणून सोबत सीआर-39 प्लास्टिकचे डिटेक्टर लागतात, जे अशा कणांचे माग टिपतात. पण ते ठेवले होते डोळा, फुप्फुस, जठर अशा मोजक्याच जागी. म्हणजे ऊर्जा मोजली हजारो बिंदूंवर आणि गुणवत्ता बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी! शेवटच्या सिव्हर्टमध्ये दोन्ही मिसळतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, सगळंच सारख्या बारकाईने मोजलंय.

दुसरं, टीएलडीला वेळ कळत नाही. दक्षिण अटलांटिकवरच्या विसंगतीतून जाताना डोस झपाट्याने वाढतो, पण टीएलडीच्या हाती लागते ती फक्त महिनोन्‌महिन्यांची बेरीज. पुतळा दीड वर्ष बाहेर एका जागी होता. अंतराळवीर एका वेळी काही तासच बाहेर असतो आणि सारखा हलत असतो. म्हणून ‘तिप्पट’ हा आकडा प्रत्येक स्पेसवॉकला लावता येणार नाही.

याने काय फरक पडतो? नासाने अंतराळवीराच्या संपूर्ण कारकिर्दीसाठी 600 मिलिसिव्हर्टची मर्यादा घातली आहे. बॅज फुगवून सांगत असेल तर एखाद्याचं उड्डाण विनाकारण थांबेल. उलट ‘बॅज जास्तच दाखवतो, मग काळजी कशाला’ म्हणून आपण निर्धास्त झालो, तर गुणकातली अनिश्चितता त्याच्या शरीरावर ढकलतो. माणूस बहुतेक वेळ आतच राहतो आणि तिथे फरक फक्त 15 टक्के आहे, हेही विसरू नका.

तरी या पेपरला मी वरचा नंबर देईन, कारण अवयवांच्या डोसचा अंदाज त्यांनी नुसत्या संगणकावर न सोडता खऱ्या कक्षेत जाऊन तपासला. तुम्ही तो वाचाल तेव्हा निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग उघडा. कुठला आकडा डिटेक्टरने दिलाय आणि कुठला गुणाकार करून आलाय, त्याची पेन्सिलने खूण करा. माझ्या प्रतीवर दुसऱ्या प्रकारच्या खुणा जास्त निघाल्या.