‘कासव’: राखण आणि वाट

१९७२ साली ‘घाशीराम कोतवाल’मधील नाना फडणवीस उभा करणारे डॉ. मोहन आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या चित्रपटाच्या निर्मितीत ते सहभागी झाले. स्वतःकडे मात्र कासवे जपणाऱ्या दत्ताभाऊंची दुय्यम भूमिका घेतली. चित्रपटास सुवर्णकमळ लाभले.

जीव नकोसा झालेल्या तरुणास जानकी घरी आणते. स्वतः नैराश्य भोगलेली ही स्त्री त्याला नावगाव सांगण्याचा आग्रह करीत नाही. कासवीण किनाऱ्यावर अंडी घालून समुद्रात परतते. माणसे ती अंडी राखतात, पण पिलांना पाण्यापर्यंतची वाट स्वतःच चालू देतात. सेवेचे हे मर्म आम्हांस मोलाचे वाटते.

उणिवा दोन. चित्रातून कळलेले रूपक संवादांतून पुन्हा सांगितले जाते. शिवाय शुश्रूषेस लागणारी सवड व पैसा जानकीपाशी आयताच आहे. मोहन्याच्या एखाद्या चाळीत, दोन खोल्यांच्या घरात असा मुलगा असेल, तर त्याची राखण कोणी करावी? चित्रपट तेथवर येत नाही. उल्हासकाठच्या आपल्या कुटुंबांनी तो एकत्र बसून पाहावा आणि हा प्रश्न आपल्या घरी न्यावा, असे आम्ही सुचवितो.